मशीनला खाडीचं पाणी

“एक बोट लावा काका. एकच. करंगळी लावली तरी चालेल.”

राघो पाटलांनी आधी स्वतःची करंगळी बघितली, मग समोरचं लोखंडी टेबल बघितलं. चार माणसांनी उचलायचं म्हटलं तर चौघांची कंबर धरेल असं ते धूड होतं. राघोकाका म्हणजे भाईंदरजवळच्या राई गावचे जुने जमीनवाले. खाडीकडेच्या आपल्या शेतात भराव टाकून त्यांनी पत्र्याचे गाळे बांधले होते आणि त्यातला टोकाचा गाळा उत्तम खिल्लारेने भाड्याने घेतला होता. भाडेकरू सांगतो ते घरमालकाने लगेच मानायचं नसतं. काकांनी सदऱ्याच्या बाह्या सरसावून दोन्ही हात पुढे केले.

“अहो दोन हात नको! भिंत फोडून जाईल ते!” उत्तम ओरडला.

काकांनी करंगळी लावली, आणि टेबल निघालं. खरखर नाही, करकर नाही, अगदी गुपचूप या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि तिथल्या रबरी ठोकळ्याला टेकून थांबलं. काकांनी खाली वाकून पाहिलं.

“चाका हायेत का रं खाली?”

“चाकं नाहीत, छर्रे नाहीत, काही नाही. खाली फक्त तेल. हा पंप तेल दाबतो, ते या बारीक नळ्यांतून टेबलाखाली जातं आणि टेबल उचलतं. केसाएवढंच, पण उचलतं! लोखंडाला लोखंड लागतच नाही. परदेशातून येतात असली ग्राइंडिंग मशीनं, लोखंड घासून आरशासारखं करणारी. आणि हे एक राईत बनलंय.”

“म्हंजी तेलावर तरंगतं?”

“तरंगतं.”

“म्हंजी होडीच की रं!”

इथे उत्तमने गप्प बसायला हवं होतं. पण स्वतःच्या मशीनबद्दल बोलताना उत्तम खिल्लारे गप्प बसला असं उभ्या भाईंदरात कुणी पाहिलेलं नाही. “होडीच समजा!” तो म्हणाला. “तुमच्या होडीपेक्षा भारी होडी. तुमची डुलते, ही डुलत नाही.”

काकांनी गंभीरपणे मान डोलावली. “मंग पान्यात कवा सोडतंस?”

“खंडेनवमीला,” उत्तम हसत म्हणाला. “त्या दिवशी ठाण्याहून साहेब येतायत ट्रायल घ्यायला.”

उत्तमला वाटलं, चेष्टा चाललीय. राघोकाकांनी तारीख लक्षात ठेवली.

आता या उत्तमचा तोरा कुठून आला, ते सांगायला हवं. तो मूळचा परभणीकडचा. बाप लवकर गेला, तेव्हा त्याच्या आईने, भीमाबाईने, पोराला काखेत मारून मुंबईची वाट धरली आणि ती मीरा रोडला येऊन पडली. बेव्हर्ली पार्कात इमारती उठत होत्या तेव्हा तिथल्या कितीतरी स्लॅबना हिच्या डोक्यावरचं घमेलं लागलेलं. पोरगा आयटीआय झाला, ठाण्याच्या एका मोठ्या कारखान्यात चिकटला, आणि तिथे त्याच्या वाट्याला एक जर्मन ग्राइंडिंग मशीन आलं. तेलावर तरंगणारं. उत्तम त्या मशीनच्या प्रेमातच पडला. एकदा तो मॅनेजरला म्हणाला, “साहेब, हे आपण बनवू शकतो.” मॅनेजर म्हणाला, “खिल्लारे, पुसायचं काम दिलंय, पुसा.” झालं! उत्तमने नोकरीवर पाणी सोडलं आणि राघोकाकांचा गाळा घेतला.

भीमाबाई रागावली नाही. ती फक्त म्हणाली, “या दसऱ्यापस्तोर कर तुझ्या मनाचं. साहेबानं मशीन घेतली तर तुझा कारखाना. न्हाई घेतली, तर सोमवारी डबा घेऊन पुन्हा ठाण्याला जायचं. कबूल?” उत्तमने कबूल केलं. ट्रायल घेणारे साहेब दुसऱ्या कारखान्याचे, पण जुन्या कारखान्यातल्या मॅनेजरनेही उत्तमची जागा राखून ठेवली होती. पोरगा तोंड पाडून परत येणार याची त्याला पक्की खात्री होती. तेव्हा खंडेनवमीच्या ट्रायलवर काय अवलंबून होतं ते कळलं ना? उत्तमने तर पितळेची एक पट्टीही कोरून आणली होती: ‘उत्तम खिल्लारे, भाईंदर.’ मशीन पास झालं की पुढच्या बाजूला ठोकायची. तोवर ती त्याच्या शर्टाच्या खिशात असे आणि दर थोड्या वेळाने तो ती चाचपून बघत असे.

सगळं छान होतं, एक गोष्ट सोडून. टेबल टोकाला जाऊन मागे वळायचं तेव्हा थरथरायचं. डोळ्यांना दिसत नसे, पण मशीनवर घासून काढलेल्या लोखंडावर बारीक लहरी उमटत. त्यात शेजारच्या गाळ्यात जयंतीभाईंचा स्टीलचे डबे ठोकणारा प्रेस. तो धाड्‌ करून खाली आला की इकडे टेबलावर उभं केलेलं नाणं आडवं. उत्तमने नळ्या बदलल्या, पंप बदलला, पाया खणून पुन्हा भरला. थरथर काही जाईना. ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती: उत्तमला, आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या लवू पाष्टे टर्नरला.

“लव्या, थरथर घालवता येत नाही, पण लपवता येईल,” उत्तम म्हणाला. “खंडेनवमीला सगळ्या गाळ्यांत हत्यारांची पूजा. कोणी मशीन चालवत नाही. प्रेस बंद! आणि आमच्या घरी पूजा नाही, आमचा दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. म्हणजे आपलं मशीन चालू, बाकी सगळी वस्ती शांत. साहेबांना टेबल हळू फिरवून दाखवू. काय डोकं आहे?”

“डोकं भारीच आहे रे,” रत्नागिरीचा लवू म्हणाला. “फक्त साहेबांनी जोरात फिरवायला सांगायला नको.”

खंडेनवमी उजाडली. गाळ्यागाळ्यांतून झेंडू, उदबत्त्या, लेथला हार, ड्रिलला हार, जयंतीभाईंच्या प्रेसला तर नवी कोरी ओढणी. उत्तमने नवा शर्ट घातला होता. त्याने टेबल पुसलं, पट्टी चाचपली आणि लवूला बजावलं, “मी नाक्यावर उभा राहतो. साहेबांना राईचा रस्ता सापडायचा नाही. माझ्या मागे मशीनला कोणालाही हात लावू द्यायचा नाही. कोणालाही म्हणजे कोणालाही!”

उत्तम गेला आणि राघोकाका आले.

डोक्याला कडक इस्त्रीची टोपी, कमरेला कोरं धोतर. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेली तांब्याची कळशी, काखेत झेंडूची माळ आणि बोटात अडकवलेला एक छोटा डबा. भीमाबाई कोपऱ्यात स्टूलावर बसली होती. घरमालक आले म्हणून ती पदर सावरून उठली.

“बस गो बाय,” काका म्हणाले. “तुजा नाव काय?”

“भीमाबाई.”

“झ्याक नाव हाय.” मग ते लवूकडे वळले. “चल, पंपाचा झाकन काढ.”

“काका, उत्तमने सांगितलंय की...”

“उत्तमला काय कलतंय? परभनीला दर्या हाय का?” काका म्हणाले. “आमच्यात नवी होडी दर्याचा पानी प्यायल्याबिगर न्हाय निघत. न्हायतर पयल्याच फेरीला दगा देते. माजे जमिनीवर बनलेली होडी कोरडी जाईल? लोकं मना काय बोलतील?”

आता लवूची पंचाईत बघा. मशीनला हात लावू द्यायचा नाही, हे खरं. पण समोरच्याने नारळ उगारला होता. कोकणातला माणूस एक वेळ मालकाला अडवेल, उगारलेला नारळ अडवणार नाही. लवूचे हात आपोआप जोडले गेले, डोळे मिटले गेले. नारळ मशीनच्या कडेवर फट्‌दिशी फुटला. डोळे उघडेपर्यंत हळद-कुंकू पडलं होतं, माळ चढली होती आणि काकांनी खाडीच्या पाण्याची भरली कळशी टेबलावर पुढून मागे, नेमाने, एक थेंब न वाचवता ओतली होती. टेबलावरून खाली वाहणारं सगळं, मग ते तेल असो की आणखी काही, पन्हळीतून सरळ तेलाच्या टाकीत जावं अशी उत्तमने फार सुंदर सोय केलेली होती.

“पाणी... काका, पाणी टाकीत गेलं!” लवू टाकीकडे धावला.

“जायलाच पायजे. प्याली ती!” काका समाधानाने म्हणाले आणि तो छोटा डबा घेऊन मशीनच्या मागच्या अंगाला गेले. तिकडे बराच वेळ त्यांचं काहीतरी चाललं होतं. पण लवू तेव्हा टाकीत डोकं घालून बसला होता, त्याला कसली शुद्ध!

तेवढ्यात उत्तम परतला. नाक्यावरच्या पीसीओवाल्याकडे साहेबांचा निरोप आला होता: वरसाव्याच्या पुलाजवळ ट्रक आडवा झालाय, घोडबंदरवर गाडी अडकलीय, उशीर होईल. “बरंच झालं,” उत्तम आत येता येता म्हणाला, “तोवर मशीन जरा गरम करून घेऊ,” आणि माळेकडे लक्ष जायच्या आत त्याने बटण दाबलं.

पंप गुरगुरला, खोकला, आणि टाकीतून पांढरा फेस वर आला. टेबलाच्या कडांवरून तेलाऐवजी कुंकू पडलेलं ताक गळायला लागलं. आणि टेबल? टेबल एका अंगाने वर झालं, मग दुसऱ्या अंगाने, मग डुलायला लागलं.

“बघ!” राघोकाका मागून आले आणि आनंदाने ओरडले. त्यांच्या बोटांना लाल रंग लागला होता. उत्तमला ते कुंकू वाटलं. “आता कशी डुलते बघ! आता झाली खरी होडी!”

उत्तमने बटण बंद केलं. तो कोणावर ओरडावं ते ठरवत होता.

“लव्या! हे काय आहे?”

“खाडीचं पाणी.”

“मशीनमध्ये?”

“नारळाचं पण आहे थोडं.”

“काका!” उत्तमचा आवाज चिरकला. “अहो काय केलंत हे! वर्षभर खपलोय मी याच्यावर! तेलात पाणी गेलं की फेस होतो, फेसावर लोखंड उभं राहतं का? आता साहेब येतील आणि...”

राघोकाकांचा चेहरा पडला. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “पन तूच बोललंस, होडी हाय म्हनून. पान्यात कवा सोडतंस इचारला, तं बोललंस खंडेनवमीला. मी काय मनाचा केला?”

उत्तमने कपाळावर हात मारून घेतला. बढाई आपणच मारली होती, आणि ऐकणाऱ्याने ती मनापासून ऐकली होती.

“भांडत बसता का पुसता?” भीमाबाईने पदर खोचला. “ते पांढरं समदं भाईर काढा आधी. साहेब पुलावर अडकलाय, कायमचा न्हाई अडकला.”

मग एकच धांदल उडाली. टाकी उपसली. नळ्या काढून फुंकल्या. भीमाबाईने रेशनचं रॉकेल दिलं, आपलं जुनं लुगडं फाडून बोळे दिले, आणि टाकीत हात घालून कोपरान्‌कोपरा असा पुसला की बांधकामावरचा मुकादमही तिला नावाजता. राघोकाका कोरं धोतर वर खोचून, मान खाली घालून टेबलाच्या खाचा पुसत होते. लवू सायकल मारत तेल आणायला पळाला. तासाभराने परतला तो हातात पेढे घेऊन.

“तेल?”

“सगळ्या दुकानांचे शटर डाउन, शटरला हार. पार काशीमिऱ्यापर्यंत गेलो. एकाने दार उघडलं, तर प्रसाद दिला आणि बोलला, आज धंदा नाही.” लवूने पेढा पुढे केला. “घेतोस?”

उत्तम खाली बसला. टाकीच्या तळाला पुरेल एवढंच तेल एका कॅनमध्ये शिल्लक होतं. त्याने खिशातली पट्टी चाचपली, मग बाहेर काढली आणि उलटी करून मांडीवर ठेवली. “संपलं, माय,” तो म्हणाला. “सोमवारी डबा दे मला.”

राघोकाका खाकरले. “तेल माज्याकडं हाय.”

“कुठलं?”

“होडीच्या इंजिनाचा. दोन डबे भरून हाय घरी.”

“काका, ते काकवीसारखं दाट! माझ्या नळ्या केसासारख्या बारीक. माझं तेल पाण्यासारखं पातळ लागतं. हिशेब केलाय मी सगळा.”

“न्हाई टाकलं तर काय करशील?” भीमाबाईने विचारलं.

“काय करणार? सोमवारी ठाण्याला जाईन.”

“आन्‌ टाकून न्हाई चाललं तर?”

“तरी ठाण्यालाच.”

“मंग टाक की!” भीमाबाई म्हणाली. “एवढा शिकलास आन्‌ एवढं कळंना?”

काका धोतर सावरत घराकडे पळाले. या वयात ते पळतायत हे बघून अख्खी आळी बाहेर आली. डबे आले. त्यांना असा काही वास होता की लवूने नाकाला रुमाल लावला. होडीत ते डबे सुक्या मासळीच्या पाट्यांशेजारी राहत. भीमाबाईने लुगड्याचं उरलेलं पान चौघडी करून टाकीच्या तोंडावर धरलं. “कचरा नगं ना तुझ्या नळ्यांत? घाल.” काळपट तेल लुगड्यातून संथपणे गळत खाली उतरलं. वर उत्तमने आपलं उरलेलं पातळ तेल घातलं, मनात हिशेबाला रामराम ठोकला आणि बटण दाबलं.

पंप घुमला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग टेबलाच्या कडेने तेलाची एक पातळ रेघ चमकली. उत्तमने करंगळी लावली. टेबल सरकलं.

“उचललं!” लवू नाचायलाच लागला. “उत्तम, उचललं रे!”

थरथर आहे की गेली हे बघायला वेळच नव्हता. बाहेर फियाटचा हॉर्न वाजला.

कर्णिक साहेब म्हणजे सडसडीत, चष्मा कपाळावर आणि बोलणं मोजकं. माणूस मोठा जाणकार होता. अशी मशीनं त्यांनी परदेशात जाऊन पाहिली होती. वरसाव्याला उन्हात बसून ते तापलेले होते. आल्या आल्या ते पाणी प्यायले, मग त्यांनी मशीनभोवती अर्धा फेरा मारला, झेंडूच्या माळेकडे बघितलं आणि म्हणाले, “चालवा.”

उत्तमने करंगळीचा खेळ करून दाखवला. साहेबांनी स्वतः करंगळी लावून बघितली. “हं,” ते म्हणाले. मग खिशातून एक नाणं काढून त्यांनी ते टेबलावर कडेवर उभं केलं आणि म्हणाले, “आता फिरवा. हळू नको. पूर्ण जोरात.”

लवूने डोळे मिटले. आज त्याच्यावर डोळे मिटायचीच पाळी होती.

टेबल निघालं. या टोकाला गेलं, वळलं, त्या टोकाला गेलं, वळलं. नाणं उभंच. उत्तमला आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. साहेबांनी एक लोखंडी चौकोन लावायला सांगितला, वरचं घासायचं चाक खाली उतरलं, ठिणग्यांची शेपटी उडाली. नाणं त्या गडबडीतही ताठ उभं होतं. आणि नेमकं तेव्हा शेजारी जयंतीभाईंची पूजा आटोपली.

पूजा झाली की मशीन तसंच झोपवून ठेवायचं नाही, शकुनाचे चार ठोके मारून घ्यायचे, ही जयंतीभाईंची पद्धत. उत्तमच्या हुशार डोक्यात एवढी एक गोष्ट आली नव्हती.

धाड्‌!

पत्रे हादरले. भिंतीवरचं कॅलेंडर डुललं.

धाड्‌! धाड्‌!

“उत्तमभाई!” भिंतीपलीकडून जयंतीभाईंची हाक आली. “हॅपी दसरा हां! आज तो खाली शुकन का है!” आणि आणखी एकदा, धाड्‌!

साहेबांनी हात वर करून मशीन थांबवायला सांगितलं. ते वाकले आणि नाण्याकडे बघत राहिले. नाणं उभं होतं. मग त्यांनी तो लोखंडी चौकोन सोडवून घेतला, दाराशी उजेडात नेला, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिरका करकरून बघितला. उत्तमही त्यांच्या खांद्यावरून बघत होता. एक लहर नव्हती. चौकोनात साहेबांची भुवई दिसत होती.

“शेजारी एवढा प्रेस पडतोय आणि यावर रेघ नाही,” साहेब म्हणाले. “पातळ तेलावर हे होत नाही. माझा अनुभव आहे. तेल कुठलं वापरलंत?”

उत्तमची छाती लगेच पुढे आली. सवयच ती. “स्पेशल आहे साहेब. आमचं स्वतःचं मिश्रण. बराच अभ्यास करून...”

साहेबांनी टाकीचं झाकण उचललं, नाक खाली नेलं आणि एक दीर्घ श्वास घेतला. त्यांच्या तापलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

“बोंबील,” ते म्हणाले.

लवूने हळूच रुमाल खिशात घातला.

“सुका बोंबील. खिल्लारे, मी कर्णिक आहे. सीकेप्याच्या नाकाला तुम्ही या बाबतीत फसवू शकणार नाही. खरं काय ते सांगा.”

उत्तमने लवूकडे बघितलं, लवूने पेढ्यांकडे. शेवटी राघोकाकाच टोपी हातात घेऊन पुढे झाले आणि त्यांनी होडीपासून सगळं सांगितलं. कळशी सांगितली, नारळ सांगितला, फेस सांगितला. “पोराचा कायबी चुकला न्हाय साहेब,” ते म्हणाले. “जे वंगाल झाला ते माज्या हातून. मशीनला बोल लावू नका.”

साहेब आधी गालातल्या गालात हसले, मग मोठ्याने, मग त्यांना स्टूलावर बसावं लागलं.

“अहो, वंगाळ कसलं?” डोळे पुसत ते म्हणाले. “खिल्लारे, तुमची थरथर होती ना टोकाला?”

“तुम्हाला कसं कळलं?” उत्तम गडबडला.

“सगळ्यांची असते. टेबलाला इतकं मोकळं सोडलंत की त्याला आवरणारं कोणी उरलं नाही. दाट तेल आवरतं. हलायला लागलं की तेलच त्याला धरून ठेवतं.”

“पण साहेब, दाट तेलाने टेबल कमी उचललं जायला हवं होतं.”

“तिथेच तुम्ही कमाल केलीत. ह्या बारीक लांब नळ्यांची कल्पना कोणाची?”

“माझी.” हे मात्र उत्तम हळू आवाजात म्हणाला.

“दाट तेलाला नळी जितकी जास्त अडवते, तितकीच टेबलाखालची फटही अडवते. दोन्ही सारखंच. म्हणून टेबल पूर्वीएवढंच उचललं गेलं. नळ्यांऐवजी दुसरं काही घातलं असतंत, तर आज हे टेबल बसून राहिलं असतं. तेल कोणाचंही असू दे, खिल्लारे. मशीन तुमचं आहे, आणि फर्स्ट क्लास आहे. हे मी घेतलं. आणि असंच दुसरं हवं.”

लवूने दोन पेढे एकदम तोंडात घातले. भीमाबाईने टेबलाजवळ जाऊन, कोणी बघत नाहीसं बघून करंगळी लावली. टेबल सरकलं. “माझ्या लेकरानं लोखंड तरंगविलं,” ती म्हणाली, आणि एवढ्या मोठ्याने म्हणाली की जयंतीभाई दारात येऊन उभे राहिले.

उत्तमने खिशातून पितळी पट्टी काढली, शर्टाने चकचकीत केली आणि विचारलं, “साहेब, पुढे ठोकू?”

“ठोका की. पण मशीनचं नाव तर मागे आहे,” साहेब म्हणाले. राहिलेला अर्धा फेरा मारायला ते मागे गेले होते. “हे कोणाचं नाव?”

“कसलं नाव?”

सगळे मागे धावले. करड्या रंगाच्या त्या लोखंडी अंगावर, तेलरंगाने, होड्यांच्या नाकाडावर लिहितात तशी लालभडक वळणदार अक्षरं होती आणि दोन्ही बाजूंना दोन फुलं. रंग अजून ओला होता.

“नावाबिगर होडी दर्यात न्हाय सोडत,” राघोकाका अपराध्यासारखे म्हणाले. “मना वाटला, पोरगा हिचा, म्हंजी होडीबी हिचीच. पुसू का?”

“काय लिवलंय रे?” भीमाबाईने विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

बढाया मारणारा उत्तम मान खाली घालून पट्टी पुसत राहिला. लवूच पुढे झाला. “भीमाबाई,” त्याने वाचलं. “भीमाबाई, राई बंदर.”

भीमाबाईने त्या अक्षरांवरून हात फिरवायला बोट पुढे केलं आणि ओला रंग लागेल म्हणून मागे घेतलं. डोळ्यांना पदर लावला, मग खसकन काढला. उभं आयुष्य इमारती उचलत आलेली बाई. तिचं नाव आजवर कोणी एका विटेवर लिहिलं नव्हतं.

“खबरदार कुणी पुसलं तर,” ती म्हणाली. “आन्‌ उत्तमा, तुझी ती पट्टी इथंच लाव. माझ्या नावाच्या खाली.”

पट्टी तिथेच लागली. दिवाळीआधी मशीन ठाण्याला गेलं, आणि साहेबांच्या कारखान्यात आजही कोणी त्याला ग्राइंडिंग मशीन म्हणत नाही. “हे काम नाजूक आहे, भीमाबाईवर घ्या,” असंच म्हणतात.

दुसऱ्या मशीनचं टेबल बसवलं त्या दिवशी गाळ्याच्या दारात पुन्हा कडक इस्त्रीची टोपी दिसली. एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्या हातात कळशी.

“या काका,” उत्तम म्हणाला. “कोणाचं नाव घालायचं?”

“माजे आईचा घालू? जनाबाय?”

“घाला की! मोठ्या अक्षरांत घाला. फुलं पण काढा.” एवढं बोलून उत्तमने तेलाच्या टाकीचं झाकण लावलं आणि शांतपणे त्यावर जाऊन बसला. “कळशी तेवढी बाहेर ठेवा.”